चोवीस वर्षांची ऋत्वी

ऋत्वी निमगडेची छाया पहिल्यांदा बास्केटबॉलच्या कोर्टावर उतरली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि हॉलमध्ये चार माणसं होती. खुद्द ऋत्वी, तिच्या शेजारी बाकावर बसलेली अनुपमा देवतळे, यंत्राच्या पडद्यापाशी डॉ. सलील पाटणकर, आणि दाराशी उभ्याउभ्या चहा पिणारे संघाचे व्यवस्थापक बोरकुटे. बाहेर नागपूरचं मार्चमधलं ऊन तापायला लागलं होतं. सलीलने खिडक्यांचे काळे पडदे ओढले आणि हॉल एकदम गार पडल्यासारखा वाटला.

"आधी विसाव्या वर्षाची लावतो," तो म्हणाला.

कोर्टाच्या मध्यावर राखाडी उजेडाचा एक उभा पट्टा दिसला. त्याला खांदे फुटले, हात फुटले, आणि सहा फूट दोन इंच उंचीची एक मुलगी तिथे उभी राहिली. तिला चेहरा नव्हता. नाकडोळ्यांच्या जागी गुळगुळीत अंड्यासारखा उंचवटा होता. चेहऱ्याचं भाकीत करायला यंत्राला सांगितलेलंच नव्हतं. पण खेळ सुरू करण्याआधी त्या मुलीने एक पाय उचलून बुटाचा तळवा हाताने पुसला, मग दुसरा. ऋत्वी थेट तसंच करायची. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं आणि यंत्रालाही कोणी सांगितलं नव्हतं.

ऋत्वीने अनुपमाचं मनगट धरलं. "मॅडम, ती मी आहे?"

"दोन वर्षांनंतरची."

अनुपमा देवतळे संघाची स्काउट, नव्या खेळाडू हुडकणारी. एकेकाळी ती देशासाठी खेळली होती, आणि त्यानंतरची वीस-बावीस वर्षं तिने गावोगावच्या कोर्टांवर मुली पाहण्यात घालवली. ऋत्वी तिला बल्लारशात सापडली, रेल्वे वसाहतीमागच्या सिमेंटच्या कोर्टावर. आई तिथल्या रेल्वे दवाखान्यात नर्स, वडील नव्हते. पोरीची उंची कोणालाही दिसली असती. अनुपमाने पाहिलं ते वेगळंच. दुसऱ्या कोणी बास्केटकडे चेंडू फेकला की सगळ्यांच्या माना चेंडूमागे वर जायच्या. ऋत्वी मात्र वर बघतच नव्हती. चेंडू हातातून सुटताक्षणी ती चालायला लागायची आणि चेंडू रिंगवर आपटून जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभी असायची. अनुपमाने त्या दिवशी वहीत एकच ओळ लिहिली होती: हिला कळतं.

पण संघ आता वहीतल्या ओळींवर मुली घेत नव्हते. लीगच्या आठही संघांनी नव्या मुलींतून आळीपाळीने निवड करायची, त्याला ड्राफ्ट म्हणत, आणि सात वर्षांपासून ड्राफ्टच्या आधी प्रत्येक मुलीला 'अनागत' या यंत्राखालून जावं लागे.

यंत्राची रीत समजायला अवघड नव्हती. मुलीला दोन दिवस त्याच्या स्वाधीन करायचं. कोर्टाच्या फळ्यांखाली दाब मोजणारे पट्टे होते, त्यांवर तिने धावायचं, थांबायचं, उड्या मारायच्या. छतातले चोवीस कॅमेरे तिचा एकेक सांधा टिपत. रक्ताच्या थेंबातून पेशींचं खरं वय निघे, जन्मतारखेचं नव्हे तर झिजेचं. मांडीतून तांदळाच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा घेतला जाई. मग हे सगळं जगभरातल्या तीस हजार खेळाडूंच्या संपूर्ण कारकिर्दींशी ताडून पाहायचं. अशा हाडांची, अशी पावलं टाकणारी माणसं पुढे कशी झाली? त्या उत्तरातून यंत्र एक शरीर रचायचं आणि हव्या त्या वयाचं करून ते कोर्टावर खेळवून दाखवायचं. शंभरात एक्याण्णव वेळा ते बरोबर ठरत होतं.

पहिली दोन वर्षं या छाया फक्त संघमालकच पाहत. मग खेळाडूंच्या संघटनेने आवाज उठवला: शरीर आमचं, तर त्याचं भविष्य आम्हाला आधी दिसायला हवं. मागणी रास्त होती. नियम झाला. तेव्हापासून प्रत्येक मुलीला तिची छाया दाखवली जाई आणि चित्रफीत तिच्या फोनवर दिली जाई. संघटनेच्या सभेत त्या मागणीच्या बाजूने पहिला हात अनुपमाने वर केला होता.

विसाव्या वर्षाची छाया चांगली खेळली. बाविसाव्या वर्षाची सुरू झाली आणि बोरकुटे चहाचा कप तसाच हातात धरून आत आले. काय खेळत होती ती. पाठ बास्केटकडे, अंगाला अंग भिडलेल्या दोन काल्पनिक बचावपटू, आणि तिने डाव्या पायावर अशी गिरकी घेतली की चेंडू हातातून केव्हा सुटला तेच कळलं नाही. पाठीमागून दिलेला एक पास तर सलीलने तीन वेळा मागे नेऊन दाखवला. ऋत्वी पुढे झुकून, तोंड किंचित उघडं ठेवून पाहत होती.

"आता चोवीस," सलील म्हणाला.

चोवीस वर्षांची ऋत्वी कोर्टावर आली. तिने बुटांचे तळवे पुसले. धावायला लागली. पहिल्या काही फेऱ्यांत काहीच कळलं नाही. मग अनुपमाच्या लक्षात आलं की दर चौथ्या पावलाला एक बारीकशी उसंत पडते आहे. डावा पाय जमिनीला टेकायचा आणि पूर्ण भार पडायच्या आधीच उचलला जायचा. गिरकी तिने घेतलीच नाही. शेवटी छाया कोर्टाच्या कडेला गेली, जिथे बाक नव्हता तिथे बसली, आणि चेहरा नसलेलं डोकं खाली घालून दोन्ही अंगठ्यांनी डावा गुडघा दाबत राहिली.

सलीलने चित्र थांबवलं.

"तेविसाव्या वर्षाच्या आसपास काहीतरी होणार," तो हळूच म्हणाला. "काय ते यंत्र सांगत नाही. परिणाम तेवढा दाखवतं."

ड्राफ्टच्या बैठकीत बोरकुट्यांनी हात जोडले. "ताई, पहिल्या फेरीत नाही घेता येणार. मोडणारी पोरगी आहे ती."

"बाविसाव्या वर्षी ती देशातली सगळ्यात चांगली खेळाडू असेल. तुम्हीच कप खाली ठेवायला विसरला होतात."

"आणि चोविसाव्या वर्षी?"

अनुपमा वाद घालत राहिली. अखेर तिसऱ्या फेरीत, बाकी सात संघांनी ऋत्वीच्या नावावरून बोट पुढे सरकवल्यावर, नागपूरने तिला घेतलं.

एप्रिलपासून ऋत्वी संघाच्या वसतिगृहात राहायला आली, आणि पहिल्या दोन महिन्यांत तिने सगळ्यांना गप्प केलं. इतक्या वेगाने सुधारणारी मुलगी अनुपमाने पाहिली नव्हती. जूनमध्ये सरावाच्या सामन्यात तिने डाव्या पायावर ती गिरकी घेतली. अनुपमाच्या अंगावर काटा आला, कारण ती तिने पाहिलेली होती. खांद्याचा कोन, मानेचा झटका, सगळं तेच. फक्त आता त्या हालचालीला चेहरा होता.

ऑगस्टमध्ये अनुपमा एकदा वसतिगृहाचा जिना चढत होती आणि ऋत्वी पुढे होती. डावं पाऊल पायरीवर टेकलं आणि भार पडायच्या आधी उचललं गेलं. तीन पायऱ्या सरळ. पुन्हा तसंच.

"गुडघा दुखतोय का गं?"

ऋत्वी वळली. "नाही ना, मॅडम. काऊन?"

डॉक्टरांनी गुडघ्याची सगळ्या बाजूंनी चित्रं काढली. गुडघा एकोणीस वर्षांच्या मुलीचा असायला हवा तसा होता. ओरखडा नाही, सूज नाही. अनुपमा त्या दुपारी सलीलच्या खोलीत गेली आणि ऋत्वीच्या कालच्या सरावाची फीत छायेच्या फितीशेजारी लावायला सांगितली. दोन आकृत्या शेजारीशेजारी धावायला लागल्या. एक राखाडी, एक संघाच्या केशरी कपड्यातली. दर चौथ्या पावलाला दोघी एकाच वेळी चुकत होत्या.

सलीलच्या चेहऱ्यावर कौतुक पसरलं. "विलक्षण आहे हे. यंत्राने पाच महिने आधी अचूक हीच चाल दाखवली होती."

"पण ती चोवीसची चाल आहे, सलील. ही एकोणीसची आहे. आणि हिचा गुडघा धडधाकट आहे. मग लंगडते कशासाठी?"

सलीलने दोन्ही फिती पुन्हा सुरुवातीला नेल्या.

अनुपमा घरी गेली तरी ते डोक्यातून जाईना. तिला करुणा बावनकर आठवली. यंत्र आलं त्या पहिल्याच वर्षी करुणाच्या छायेचा खांदा पंचविशीत निखळलेला दिसला होता, म्हणून नागपूरने तिला सोडून दिलं होतं. ती आज एकोणतिसाव्या वर्षी इंदूरच्या संघातून दोन्ही खांदे शाबूत ठेवून खेळत होती. तिने आपली छाया कधीच पाहिली नव्हती, कारण तेव्हा तो नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी अनुपमाने सलीलला विचारलं, "सुरुवातीच्या दोन वर्षांतल्या मुलींचं भाकीत किती खरं ठरलं?"

"ते आकडे आपण धरत नाही. यंत्र तेव्हा नवं होतं, कच्चं होतं."

"काढ तरी."

सलीलने काढले. त्या दोन वर्षांत बासष्ट मुली होत्या. त्यांतल्या सत्तावीस छायेसारख्या झाल्या. म्हणजे निम्म्याहून कमी. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. तिसऱ्या वर्षापासून मात्र एकदम शंभरात एक्याण्णव.

"तिसऱ्या वर्षी यंत्रात काय बदललं?" अनुपमाने विचारलं.

सलील जुन्या नोंदी चाळत राहिला. मग त्याने खुर्ची मागे सारली.

"यंत्रात काहीच बदललेलं नाही," तो म्हणाला. "आम्ही समजत होतो की ते शहाणं झालं. तिसऱ्या वर्षी फक्त एकच गोष्ट नवी झाली. आपण मुलींना दाखवायला लागलो."

त्याने समजावून सांगितलं तेव्हा ते इतकं साधं होतं की अनुपमाला आपलाच राग आला. माणूस दुसऱ्याची हालचाल पाहतो तेव्हा मेंदूतली ती हालचाल करणारी केंद्रंही आतल्या आत जागी होतात. हातपाय हलत नाहीत, पण तालीम होते. मोठ्या खेळाडूंच्या फिती दाखवून नवख्यांना शिकवतात ते याच बळावर. आणि पाहिलेलं शरीर जितकं आपल्यासारखं, तितकी तालीम खोल. इथे तर पाहिलेलं शरीर आपलंच होतं. तीच उंची, त्याच सवयी, तेच पाय. मेंदूला परकं मानायला काही जागाच नव्हती.

"म्हणजे यंत्र भविष्य सांगत नव्हतं," अनुपमा म्हणाली. "शिकवत होतं."

सलीलने जुन्या नोंदी बंद केल्या. गेल्या पाच वर्षांत त्याच्या हाताखालून एकशे चाळीस मुली गेल्या होत्या.

त्याच दुपारी अनुपमा ऋत्वीच्या खोलीवर गेली. दार लोटलेलं होतं. ऋत्वी पलंगाच्या कडेला बसली होती. समोरच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा होता आणि त्यात राखाडी आकृती धावत होती. ऋत्वीचे हात मांडीवर स्थिर होते. पाय मात्र जमिनीवर हलत होते. उजवा, डावा, उजवा. आणि डाव्याची टाच टेकता टेकता उचलली जात होती. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"ऋत्वी."

ती दचकली नाही. नजर न हलवता म्हणाली, "या ना, मॅडम. बसा."

"रोज पाहतेस हे?"

"हो. सकाळी एकदा, जेवल्यावर एकदा. आधी बावीसची पाहायची. ती गिरकी तिच्यापासूनच शिकली ना मी. ती लय भारी शिकवते. कोच दहा वेळा सांगतात ते ती एकदा दाखवते."

"आणि ही? ही तर चोवीसची आहे."

ऋत्वीने फोन हातात घेतला. "हिच्या पायाले काय झालं ते शोधून राहिली मी. काहीतरी चुकलं असेल ना तिचं. उडी चुकली असेल, वळण चुकलं असेल. ते समजलं तर मी ते करणारच नाही. म्हणून पुन्हा पुन्हा पाहते." ती थांबली. "तिला चेहरा नाही ना, म्हणून कळत नाही. पण कधी कधी वाटते, तिला माहीत आहे. सांगत नाही फक्त."

अनुपमाने फोन तिच्या हातातून घेऊन पालथा ठेवला. तिला तेव्हाच सगळं सांगायचं होतं. पण ऋत्वीचे पाय अजून हलत होते, आणि तिची जीभ रेटेना. "थोडे दिवस पाहू नकोस," एवढंच ती म्हणाली. "डोळ्यांना आराम दे." ऋत्वीने मान डोलावली.

फीत पाहणं थांबलं, लंगडणं थांबलं नाही. शरीराने धडा पाठ केला होता. वर डाव्या पायाला वाचवता वाचवता सगळा भार उजव्यावर येत होता, आणि सप्टेंबरच्या शेवटी उजवा गुडघा सुजला. ही सूज खरी होती. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आधी उजवा जाईल, आणि मग त्याच्या भाराने डावाही.

"तिला खरं सांगूया," अनुपमा म्हणाली.

"सांगून काय होईल?" सलील म्हणाला. त्याचे डोळे झोप नसल्यासारखे लाल होते. "तोतऱ्या माणसाला 'अडखळू नकोस' सांगितल्यासारखं होईल. ती प्रत्येक पावलाकडे लक्ष द्यायला लागेल. ताई, हे ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने बाहेर काढावं लागेल. तिला दुसरी छाया दाखवू. निरोगी. सांगू की पहिल्या मोजणीत चूक होती."

"खोटी छाया."

"पहिली तरी कुठे खरी होती?"

अडचण एवढीच होती की डाव्या पायाची निरोगी चाल आणायची कुठून. ऋत्वीच्या स्वतःच्या मोजण्या आता बिघडलेल्या होत्या आणि मार्चमधल्या मोजण्यांतूनच तर ती छाया निघाली होती. तिच्या बांध्याची, तिच्याच जागेवर खेळणारी, भक्कम चालीची दुसरी कोणी हवी होती. सलीलने संघाच्या जुन्या संग्रहात दोन दिवस शोधलं आणि तिसऱ्या दिवशी थोडा संकोचत म्हणाला, "सगळ्यात जवळची तुम्हीच निघालात. चोविसाव्या वर्षी खेळलेल्या तुमच्या सामन्यांच्या फिती आहेत. काय स्वच्छ पाऊल होतं तुमचं."

अनुपमाला बरं वाटलं, हे ती पुढे कधी नाकारू शकली नाही. संमतीच्या कागदावर तिने लगेच सही केली. जे काही चुकलं होतं ते आपल्याच जुन्या पावलांनी दुरुस्त होणार, यात तिला एक न्याय दिसला.

ऋत्वीला सांगितलं, पहिल्या मोजणीत चूक होती. मग नवी चोवीस वर्षांची छाया पडद्यांमागच्या अंधारात धावायला लागली, डावा पाय पुरता टेकवत, मोकळ्या ढांगा टाकत, आणि ऋत्वी रडायला लागली. "वाचली ती," ती म्हणाली. दोन वेळा म्हणाली.

नोव्हेंबरपर्यंत लंगडणं गेलं. उजव्या गुडघ्याची सूज उतरली. लीगचे सामने सुरू झाले आणि ऋत्वी निमगडे हे नाव निवडीत तिला वगळलेल्या सात संघांना पाठ झालं. अनुपमाने आणि सलीलने दरम्यान आकड्यांचा अहवाल लीगकडे पाठवला होता. समिती बसली, वाद झाले, आणि छाया दाखवण्याचा नियम त्या हंगामापुरता स्थगित झाला. ज्यांनी आपापल्या छाया पाहिल्या होत्या त्यांचं काय करायचं, यावर समितीजवळ उत्तर नव्हतं. अनुपमाजवळ होतं, पण ते तिने अहवालात लिहिलं नाही.

फेब्रुवारीत उपांत्य सामन्यासाठी ऋत्वीची आई ललिताबाई बल्लारशाहून आल्या. दवाखान्याच्या पाळ्यांमुळे त्यांना दहा महिन्यांत यायला जमलं नव्हतं. फोनवर तेवढं बोलणं होई. दुपारची वेळ होती. हॉलमध्ये सराव चालू होता. अनुपमाने त्यांना कोर्टाच्या कडेच्या बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

"कुठे आहे?" ललिताबाई म्हणाल्या.

अनुपमाला वाटलं त्या थट्टा करताहेत. बारा मुली पाठमोऱ्या धावत होत्या आणि ऋत्वी सगळ्यांत उंच होती.

"ती काय, उजवीकडून दुसरी."

ललिताबाईंनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. "उंची तिचीच आहे," त्या म्हणाल्या. "केसही. पण मॅडम, मी तिची आई आहे ना. दवाखान्याच्या खिडकीतून शाळेची दोनशे पोरं दिसायची, तर त्यात मी तिले चालण्यावरून वळखायची. टाचा जरा आत पडायच्या तिच्या. हात असे, मागेमागे राहायचे. ही पोरगी तशी चालत नाही."

"सरावाने बदलतं थोडं," अनुपमा म्हणाली. ती पेल्यात आणखी पाणी घ्यायला उठली, हॉलच्या टोकाला असलेल्या माठापर्यंत गेली, पेला भरून परत आली.

ललिताबाईंचं कोर्टाकडे लक्ष नव्हतं. त्या अनुपमाकडे पाहत होत्या. नर्सची नजर होती ती, तीस वर्षं माणसांना खाटेवरून उठताना आणि पहिली पावलं टाकताना पाहिलेली.

"मॅडम," त्या अगदी हळू म्हणाल्या, "पुन्हा एकदा चालून दाखवता काय?"

अनुपमा चालली नाही. पेला तिने बाकावर ठेवला आणि सराव संपेपर्यंत ती ललिताबाईंच्या शेजारी बसून राहिली. एवढ्या वेळात तिनेही पाहिलं. नुसतं डावं पाऊल नव्हतं. थांबताना हनुवटी किंचित वर जाणं, दम घेताना कमरेवर एकच हात, चेंडू मागताना दोन बोटं. आपल्या सवयी आपल्याला बाहेरून कधी दिसत नाहीत. तिला त्या दिसत होत्या, एकोणीस वर्षांच्या अंगावर.

बाकीच्या मुली गेल्यावर तिने ऋत्वीला बोलावलं आणि आईसमोर सगळं सांगितलं. पहिली छाया, बासष्ट मुली, फोनसमोर हलणारे पाय. मग दुसरी छाया, आणि ती कोणाची होती ते. काही झाकलं नाही. "मी तुझ्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "यापुढे बोलणार नाही."

ललिताबाईंनी पदराने डोळे टिपले. ऋत्वी रडली नाही, रागावलीही नाही. तिने आपले दोन्ही हात समोर धरून उलटसुलट पाहिले, जणू ते कोणी तिच्याकडे ठेवायला दिले होते.

"मग माझं कसं होतं, आई?" तिने विचारलं. "आधीचं?"

"तू अशी..." ललिताबाई उठल्या, दोन पावलं चालल्या, थांबल्या. "नाही, अशी नाही." पुन्हा चालल्या. त्यांना जमेना. कोणी पाहत असलं की माणसाला स्वतःचं चालणंही आठवत नाही, आणि ऋत्वी टक लावून पाहत होती, तोंड किंचित उघडं ठेवून. आईचा खांदा हलला तसा तिचा हलला.

"राहू द्या, ललिताबाई," अनुपमा म्हणाली. "बसा."

ऋत्वीची नजर मग अनुपमाकडे वळली.

"मॅडम, एक विचारू? तुम्ही खेळणं केव्हा सोडलं?"

"सत्ताविसाव्या वर्षी."

"काऊन? काय झालं होतं?"

हॉलमध्ये आता तिघीच होत्या. वर पत्र्यावर कबुतरं चालल्याचा आवाज येत होता. अनुपमाला तो क्षण कालच्यासारखा आठवत होता. चेन्नईचं कोर्ट, उडी मारायला दाबलेला उजवा पाय, आणि टाचेच्या वर कोणीतरी मागून लाथ मारावी तसा कडाड आवाज. मागे वळून पाहिलं तर कोणीच नव्हतं. टाचेला पोटरीशी बांधणारा आतला दोर तुटला होता. तो नंतर जोडला गेला, पण गार जमिनीवर उभं राहिलं की अजून त्या जागी टाचणी रुतल्यासारखी कळ यायची. आत्ताही येत होती.

ऋत्वी वाट पाहत होती. तिचे डोळे अनुपमाच्या चेहऱ्यावर नव्हते. हळूहळू ते खाली उतरत होते, गुडघ्यांवर, पोटऱ्यांवर, एका पायावरून दुसऱ्यावर.

"काही झालं नव्हतं," अनुपमा म्हणाली. "कंटाळा आला. दुसरं काही करावंसं वाटलं, म्हणून सोडलं."

"पाय चांगले होते?"

"एकदम."

ऋत्वीने मान डोलावली. तिचा विश्वास बसला की नाही, ते चेहऱ्यावरून कळलं नाही. अनुपमा उठली. "तुम्ही दोघी बोला निवांत," ती म्हणाली, आणि दाराकडे वळली.

दार कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला होतं, तीसेक पावलांवर. पाठीमागून बाक वाजला नाही. ऋत्वी आपल्याकडेच पाहते आहे, हे अनुपमाला न वळता कळत होतं. उजव्या टाचेतली कळ पोटरीपर्यंत चढली होती. तिने श्वास आत घेतला, हनुवटी खाली आणली, आणि उजवं पाऊल पूर्ण भार देऊन, पूर्ण टाच टेकवून, जमिनीवर ठेवलं. मग डावं. मग पुन्हा उजवं.